डिस्लेक्सियाचं प्रशिक्षण सगळ्याच शिक्षकांना द्यायचं, की विशेष शिक्षक नेमायचे?

वैशाली (जि.प. शिक्षिका, पहिली-दुसरी)

माझं मत आधीच सांगते. पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला डिस्लेक्सियाचं, म्हणजे मूल हुशार असूनही त्याचं वाचणं-लिहिणं अडतं त्याचं, नीट प्रशिक्षण मिळालंच पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे; डिस्लेक्सिया त्यातलाच. त्याच कायद्याचं कलम १६ म्हणतं की अशी मुलं लवकरात लवकर ओळखायची आणि त्यांना पेलेल अशा पद्धतीने शिकवायचं. हे काम शाळेत व्हायचं आहे. आमच्या डी.एड.ला समावेशक शिक्षणाच्या व्याख्या पाठ करून घेतल्या, पण असं मूल वर्गात समोर बसलं की काय करायचं, ते कुणी दाखवलं नाही.

आणि फक्त शिक्षकच का? दहावीच्या केंद्रावरच्या पर्यवेक्षकालाही हे कळायला हवं. अशा मुलांना परीक्षेत सवलत असते, तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, लेखनिक मिळतो. तरी "एवढा धडधाकट दिसतोस, तुला कशाला लेखनिक?" असं भर वर्गात विचारलेलं मी ऐकलंय. पेपर हातात पडायच्या आधीच त्या मुलाचा धीर खचला.

संतोष (द्विशिक्षकी शाळा)

मॅडम, तळमळ कळते, पण माझा विरोध आहे. आम्ही दोघं मिळून चार वर्ग सांभाळतो. पोषण आहाराची नोंद, शाळेची माहिती भरायचं यू-डायस, मतदार यादीची बीएलओची ड्यूटी, शिवाय रोज ग्रुपवर "तात्काळ माहिती सादर करा". निवडणूक, जनगणना आणि आपत्तीची कामं तर शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम २७ नेच आम्हाला द्यायची मुभा ठेवली आहे. त्यात आता हे.

प्रशिक्षण म्हणजे काय होतं, ते आपण सगळे जाणतो. सकाळी सही, दुपारपर्यंत पीपीटी, बॅनरसमोर फोटो. 'निष्ठा' या ऑनलाइन शिक्षक-प्रशिक्षणाची मोड्यूल्स किती जणांनी खरंच पाहिली आणि किती जणांनी नुसती चालू ठेवली, छातीवर हात ठेवून सांगा.

सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये विशेष मुलांसाठी प्राथमिकला दहामागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण धरायला सांगितलं. ती पदं आधी भरा. सगळ्यांना प्रशिक्षण दिलं की सरकार म्हणायला मोकळं, आता विशेष शिक्षक कशाला? माझी भीती ही आहे.

रेश्मा (पालक)

सर, तुमच्यावरचा बोजा खोटा नाही. पण माझं पोर वर्गशिक्षिकेसमोर रोज पाच तास बसतं. विशेष शिक्षक आमच्याकडे येतात तेव्हा येतात, एकेका माणसाकडे कितीतरी शाळा.

मुलगा तिसरीत आहे. 'कमळ', 'बदक' वाचतो. 'पुस्तक' आलं की 'पु' म्हणून थांबतो, मग चित्राकडे बघून अंदाजाने काहीतरी बोलतो. 'किती' लिहायला सांगितलं तर आधी 'क' काढतो आणि वेलांटी कुठे द्यायची म्हणून पेन्सिल वर धरून बसतो. तोच मुलगा परिसर अभ्यासाचा धडा एकदा ऐकून सगळा सांगतो. बाई वाईट नाहीत, पण चुकलेले शब्द दहा-दहा वेळा लिहायला देतात आणि सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावतात. तो आता सकाळी पोट दुखतंय म्हणतो. बाईंना हे दोन प्रकार बंद करायला कुणी सांगितलं असतं, तरी आमचं अर्धं दुखणं कमी झालं असतं. त्यासाठी कुठलं पद भरायचं आहे?

नीलिमा (विशेष शिक्षिका, तालुका पातळी)

मला दोन्ही बाजूंना अडवायचं आहे.

वैशालीताई, अर्धवट प्रशिक्षणाने काय होतं ते मी भोगते. एक दिवसाची कार्यशाळा झाली की पुढच्या आठवड्यात याद्या येतात, त्यात अर्धा वर्ग 'डिस्लेक्सिया'. यादी घेऊन शाळेत गेलं की दिसतं, एकाला फळ्यावरचं दिसतच नाही. दोघांचे आईबाप उसतोडीला जातात, दिवाळीनंतर मुलं शाळेतच नसतात. एकीच्या घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात, मराठी तिला शाळेत पहिल्यांदा कानावर पडली. यातलं कोणीच डिस्लेक्सियाचं नाही. पण गावात एकदा शिक्का बसला की पुसत नाही. "त्याचं डोकं कमी आहे" एवढंच लोकांच्या लक्षात राहतं, मुलींच्या बाबतीत तर जास्तच.

निदान हे शिक्षकाचं काम नाही, माझंही एकटीचं नाही. प्रमाणपत्रही आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, त्याच्या आत नाही. ते काढायला जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहराच्या रुग्णालयात खेटे घालावे लागतात, मजुरी बुडते. म्हणून सवलतींचा फायदा इतकी वर्षं मुख्यतः शहरातल्या, इंग्रजी माध्यमाच्या पोरांना झाला. हे मला फार लागतं.

वैशाली

नीलिमाताई, तुम्ही जे सांगितलंत तेच तर शिकवायला हवं! नजर आधी तपासायची, ऐकू येतं का बघायचं, घरची भाषा विचारायची, हजेरी चाळायची. मुलांची आरोग्य तपासणी करणारं आरबीएसकेचं पथक शाळेत येतं, त्यांच्यासमोर ते मूल मुद्दाम उभं करायचं. हे न शिकवता नुसती लक्षणांची यादी वाटली, म्हणून तुमच्याकडे अर्धा वर्ग आला.

साधनंही आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी तयार केली, २०१५ पासून ती मराठीतही आहे. त्यातली पहिली ते पाचवीची चाळणी शिक्षकानेच करायची आहे. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, कितींनी तिचं नाव ऐकलंय? मी विचारलं, सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

दुसरं, बहुतेक साहित्य इंग्रजीवर बेतलेलं असतं. 'बी' आणि 'डी' उलटे काढतात, हे आम्हाला काय कामाचं? मराठीत 'क' वाचता येणाऱ्या मुलाचं घोडं 'कि'पाशी अडतं, कारण वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. 'भ-म', 'घ-ध' गोंधळतात. 'र' तर चार रूपांनी येतो: राजा, सूर्य, चक्र, ट्रक. जोडाक्षरांत अक्षराचा आकारच मोडतो. मी आता आधी शब्द कानाने तोडून घेते, टाळी वाजवत. मग वाळूच्या ताटात बोटाने, तोंडाने म्हणत म्हणत, आणि वही सगळ्यात शेवटी. सगळ्या वर्गालाच हे करून घेते, म्हणजे कुणाला वेगळं काढावं लागत नाही. यात संतोष सरांचा जास्तीचा वेळ कुठे जातो?

संतोष

वाळूचं ताट मला पटलं. पण तुम्ही पहिली-दुसरीच्या वर्गावर आहात, माझ्यासमोर त्याच वेळी चौथीची मुलं भागाकार करत बसलेली असतात. आणि आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झालं तर पुन्हा परीक्षा. निकाल कमी लागला की चौथीपर्यंत शिकवणारा म्हणून विचारणा मलाच होणार. तोंडी परीक्षा घेतली तर "गुण वाढवले" म्हणून शेरा मलाच मिळणार. ज्या दिवशी केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी हेच प्रशिक्षण माझ्याशेजारी बसून घेतील, त्या दिवशी मी विरोध मागे घेईन. तपासणी करणाऱ्याला वहीत लाल शाई दिसली नाही की तो मलाच कामचुकार ठरवतो.

नीलिमा

अधिकाऱ्यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, तो आमच्याही बैठकीत कुणी काढत नाही.

माझं म्हणणं, पाच दिवसांचं शिबिर नकोच. केंद्राची शिक्षण परिषद होतेच, त्यातला एक तास द्या. प्रत्येकाने एका मुलाची वही आणायची, ती सगळ्यांनी मिळून बघायची, पुढच्या वेळी त्याच मुलाची नवी वही. मूल तेच ठेवायचं. पण मला ज्या शाळा दिल्या आहेत, त्यात दर महिन्याला प्रत्येक केंद्रात पोचणं मला जमणार नाही. म्हणजे संतोष सरांची पदभरती काही टळत नाही.

रेश्मा

टळू नये. पण भरती होईपर्यंत माझा मुलगा सातवीत गेलेला असेल. वैशालीताई, तुम्ही ते टाळ्यांचं आणि वाळूचं एका पानावर लिहून द्याल का? मी आमच्या बाईंकडे नेते. भांडायला नाही, त्यांच्या वर्गात बसून मदत करायची माझी तयारी आहे.

संतोष

मलाही पाठवा मॅडम. मत बदललेलं नाही, पण माझ्या दुसरीत एक मुलगी 'सूर्य' सोडून पुढे वाचते, हे आज लक्षात आलं. आधी तिची नजर तपासून घेतो.