उत्पादन वाढवल्यावर गाडीच्या बांधणीचा दर्जा घसरतो का? शनिवारपर्यंत निर्णय घ्यायचा आहे, मदत हवी आहे

उत्तरवाट (धागाकर्ता):
नमस्कार. मी नोंदवलेल्या गाडीसाठी वितरकाने आधी पुढच्या वर्षीची तारीख दिली होती. काल त्यांचाच फोन आला, की कंपनीने उत्पादन वाढवले असल्यामुळे गाडी याच महिन्याच्या अखेरीस मिळेल आणि उरलेली रक्कम शनिवारपर्यंत भरावी. अशा घाईत तयार झालेल्या गाडीत जोडणीचे दोष राहतात, असे माझे मेहुणे सांगतात. वितरकाचे म्हणणे असे, की सगळे काम रोबो करत असल्यामुळे काहीही फरक पडत नाही. गाडी घ्यावी की थांबावे, एवढेच कृपया सांगावे.

सुमेधा_नाशिक:
गाडी कोणती, ती बाजारात नवी आहे की काही वर्षे बनत असलेली आहे, आणि उत्पादन नेमके कसे वाढवले आहे, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. त्याशिवाय कोणी "घ्या" किंवा "थांबा" असे सांगितले, तर तो केवळ अंदाज ठरेल.

पाळीप्रमुख:
चाकण परिसरातील एका कारखान्याच्या असेंब्ली शॉपमध्ये मी बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. उत्पादन वाढवण्याचे मार्ग वेगवेगळे असतात आणि दर्जावर होणारा परिणाम त्या मार्गावर अवलंबून असतो. लाइनचा (म्हणजे गाड्या ज्यावरून एकेका टप्प्यातून पुढे सरकत जोडल्या जातात तिचा) वेग तोच ठेवून तिसरी पाळी सुरू केली, तर प्रत्येक कामगाराला एका गाडीसाठी पूर्वीइतकाच वेळ मिळतो. तिथे खरा प्रश्न नव्या पाळीतील माणसे किती शिकलेली आहेत आणि यंत्रांच्या देखभालीला वेळ उरतो की नाही, हा असतो. लाइनचा वेगच वाढवला तर हिशेब बदलतो. समजा, जेवण आणि चहाची सुट्टी वगळून एका पाळीत २७,००० सेकंद मिळतात. ३०० गाड्या काढायच्या असतील तर प्रत्येक स्टेशनला (लाइनवरील कामाच्या एका जागेला) ९० सेकंद मिळतात आणि ४५० काढायच्या असतील तर ६०. काम जास्त स्टेशनांमध्ये वाटून दिले तर ६० सेकंद पुरतात. ते न वाटता त्याच माणसाने तेवढेच काम करावे अशी अपेक्षा ठेवली, तर काहीतरी सुटणारच.

वितरकाचे रोबोबद्दलचे विधान अर्धवट आहे. रोबो प्रामुख्याने वेल्ड शॉप आणि पेंट शॉपमध्ये असतात. वायरिंग, दरवाज्यांची रबरे, डॅशबोर्ड आणि आतील ट्रिम ही कामे आजही मुख्यतः माणसेच करतात. चाकांचे किंवा सस्पेन्शनचे महत्त्वाचे बोल्ट आवळताना टॉर्कची (आवळण्याच्या जोराची) नोंद होते आणि तो कमी पडला तर आधुनिक लाइन गाडी पुढे जाऊ देत नाही. म्हणून घाईचे दोष बहुधा जिथे अशी नोंद होत नाही तिथे सापडतात: पूर्ण न बसलेला कनेक्टर, चुकीच्या जागेवरून गेलेली वायर, अर्धवट दाबलेली क्लिप.

फ्रीमाँटकर:
मी कॅलिफोर्नियात राहतो आणि टेस्लाच्या फ्रीमाँट कारखान्याबद्दल बराच काळ वाचत आलो आहे. २०१८ मध्ये मॉडेल ३ चे उत्पादन आठवड्याला ५,००० पर्यंत नेण्यासाठी त्यांनी आवारात तंबू उभारून त्यात असेंब्ली लाइन चालवली होती, आणि अतिरेकी यांत्रिकीकरण ही चूक होती असे टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी त्याच वर्षी मान्य केले होते. फेब्रुवारी २०२१ मधील एका मुलाखतीत तर त्यांनी, गाडी एकतर अगदी सुरुवातीला घ्यावी किंवा उत्पादन स्थिरावल्यावर घ्यावी, कारण उत्पादन झपाट्याने चढत असताना सगळे बारकावे सांभाळणे फार अवघड असते, अशा आशयाचे मत मांडले. वेग वाढल्यावर रंगाला वाळायला पुरेसा वेळ मिळत नव्हता, हे उदाहरणही त्यांनीच दिले. कंपनीचा प्रमुखच असे सांगत असेल, तर माझ्या मते धागाकर्त्याने थांबावे.

पाळीप्रमुख:
रंगाचे उदाहरण अगदी योग्य आहे. रंग भट्टीत किती वेळ राहायला हवा हे रसायन ठरवते, व्यवस्थापन नव्हे; कन्व्हेयरचा वेग वाढवायचा तर भट्टी तेवढी लांब करावी लागते. मात्र एका कंपनीच्या अनुभवावरून "थांबा" असा सरसकट निष्कर्ष काढणे मला पटत नाही. फ्रीमाँटच्या त्याच जागी जनरल मोटर्सचा कारखाना होता. तो १९८२ मध्ये बंद पडला आणि १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत 'नुमी' या नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांश जुनेच होते, तरी थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधील गाड्यांच्या जवळ पोहोचला, कारण दोष दिसताच दोरी ओढून लाइन थांबवण्याचा अधिकार त्या कामगारांना मिळाला होता.

जुनी_मोटार:
टोयोटाचे नाव निघालेच आहे, तर त्यांचीच पुढची गोष्टही सांगायला हवी. २४ फेब्रुवारी २०१० रोजी टोयोटाचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर, कंपनीच्या वाढीचा वेग कदाचित फार जास्त झाला आणि सुरक्षितता, दर्जा व संख्या हा अग्रक्रम विस्कटला, असे मान्य केले होते. दोरी ओढण्याची पद्धत ज्यांनी रुजवली त्यांच्या बाबतीतही असे झाले असेल, तर आपल्याकडील कंपन्यांवर किती विश्वास ठेवायचा?

पाळीप्रमुख:
ते उदाहरण इथे नीट लागू होत नाही. त्या वेळी टोयोटाने दोषांमुळे गाड्या परत बोलावल्या होत्या; त्या परत बोलावण्या मुख्यतः पायाखालच्या चटईत अडकणारे आणि झिजल्यामुळे हळू परतणारे प्रवेगक पेडल यांबद्दल होत्या. तो रचनेचा आणि सुट्या भागाचा प्रश्न होता. लाइनवर बोल्ट ढिला राहिल्याचा नव्हता.

जुनी_मोटार:
घाईने वाढणाऱ्या कंपनीत अभियंत्यांवरचा ताणही वाढतो आणि पुरवठादारांवरचाही. ग्राहकाला गाडी संपूर्ण मिळते. दोष कोणत्या विभागात शिरला, याने त्याला काय फरक पडतो?

सुमेधा_नाशिक:
पुरवठादारांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महिंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये १ जुलै ते ११ नोव्हेंबर या काळात बनलेल्या, हाताने गिअर बदलण्याच्या एक्सयूव्ही७०० आणि स्कॉर्पिओ-एन मिळून सुमारे १९ हजार गाड्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या. क्लचच्या बेल हाउसिंगमधील (क्लचभोवतीच्या आवरणातील) रबरी बेलोच्या (घडीदार रबरी भागाच्या) मापात फरक असण्याची शक्यता होती आणि पुरवठादाराकडे भाग निवडताना झालेली चूक हे त्याचे कारण कंपनीने दिले होते. उत्पादन वाढवल्यामुळेच ती चूक झाली असे कंपनीने म्हटलेले नाही आणि मीही म्हणत नाही. पण कारखाना कितीही शिस्तीचा असला तरी बाहेरून आलेला छोटा रबरी भाग हजारो गाड्यांत जाऊ शकतो, हे यातून दिसते.

गाडीप्रेमी:
गाडी मिळाल्यावर लगेच तळाला गंजरोधक लेप द्यावा, वाढीव वॉरंटी घ्यावी आणि रंग पांढरा निवडावा, कारण पुनर्विक्रीत पांढऱ्या गाडीला चांगली किंमत मिळते.

उत्तरवाट (धागाकर्ता):
रंग मी आधीच निवडला आहे आणि वॉरंटीबद्दल मी विचारलेले नाही. सर्वांचे आभार, पण मला अजूनही उत्तर मिळालेले नाही. गाडी पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर बदलण्याची आहे आणि हे मॉडेल गेल्या वर्षी बाजारात आले. वितरकाला आज पुन्हा विचारले, तेव्हा कंपनीने त्याच कारखान्यात दुसरी लाइन सुरू केल्याचे कळले.

पाळीप्रमुख:
ही माहिती पहिल्याच प्रतिसादानंतर मिळाली असती तर बरे झाले असते. दुसरी लाइन म्हणजे जुन्या लाइनवरील माणसांना वेग वाढवायला लावलेले नाही, ही चांगली बाजू. मात्र नव्या लाइनवर जिग आणि फिक्स्चर (भाग योग्य जागी धरून ठेवणारे साचे) जुळवायला काही काळ जातो, त्यामुळे दरवाजे आणि बॉनेटच्या फटींतील फरक सुरुवातीच्या गाड्यांत जास्त आढळू शकतो. मी आपल्या जागी असतो तर गाडी नाकारली नसती, पण आरटीओकडील नोंदणीपूर्वी ती स्वतः पाहिल्याशिवाय पूर्ण रक्कमही भरली नसती. फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का ते बोट फिरवून पाहावे. रंग उन्हात तिरक्या कोनातून पाहावा. सर्व रबरे काठापर्यंत बसली आहेत का, प्रत्येक स्विच चालतो का आणि बॉनेटखालील वायर कुठे धातूच्या कडेला घासते का, हे नीट तपासावे. शक्य असल्यास दरवाज्यांवर पाणी मारून आतले कार्पेट हाताने चाचपावे.

उत्तरवाट (धागाकर्ता):
नोंदणी झाल्यावरच गाडी दाखवता येते, असे वितरक म्हणतो.

सुमेधा_नाशिक:
हे मान्य करू नये. एकदा आपल्या नावावर नोंदणी झाली की गाडी बदलून मिळणे जवळजवळ अशक्य होते. चासी क्रमांक आणि उत्पादनाचा महिना लेखी मागावा, आणि स्टॉकयार्डमध्ये गाडी पाहिल्यानंतरच उरलेली रक्कम भरू, असे ईमेलने आजच कळवावे. वितरकाने नकार दिला तर तोच ईमेल कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवावा आणि काय उत्तर येते ते इथे लिहावे.

उत्तरवाट (धागाकर्ता):
ईमेल पाठवला आहे. चासी क्रमांक उद्या देतो असे उत्तर आले आहे. गाडी आधी दाखवण्याबद्दल मात्र त्यांनी काहीही लिहिलेले नाही.

फ्रीमाँटकर:
मग त्या मुद्द्यावर लेखी होकार येईपर्यंत रक्कम भरू नये. शनिवारची मुदत वितरकाने घातलेली आहे. ती वाढवून मागण्यात काहीच गैर नाही.