गल्ला, गिऱ्हाईक आणि भुयार : तुमच्या लक्षात राहिलेली एक वस्तू सांगा

मागच्या आठवड्यात मी एका व्हिडिओ गेममध्ये लुई नावाच्या गिऱ्हाइकाला एक तलवार तोट्यात विकली. त्यानंतर दोन दिवस तेच डोक्यात होतं, म्हणून हा धागा काढते आहे.

गेमचं नाव 'रेसेटिअर'. ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रेसेट नावाची एक मुलगी. वडील साहसाला म्हणून बाहेर पडले ते परतलेच नाहीत, मागे उरलं डोंगराएवढं कर्ज. वसुलीसाठी टिअर नावाची परी येते. ती घर लगेच काढून घेत नाही, त्याच घरात रेसेटला दुकान थाटायला लावते. दोघींची नावं जोडून दुकानाचं नाव. पहिल्या आठवड्याचा हप्ता १०,००० पिक्स (गेममधलं चलन), मग ३०,०००, ८०,०००, २,००,००० आणि शेवटचा ५,००,०००. दिवसाचे चार भाग असतात. दुकान उघडलं की एक खर्च होतो, भुयारात गेलं की दोन. माल गिल्डकडून (व्यापाऱ्यांच्या संघाकडून) किंवा बाजारातून विकत घ्यायचा, नाहीतर भुयारातून आणायचा. रेसेट स्वतः लढत नाही. पैसे मोजून एखादा साहसवीर सोबत घ्यायचा, तो लढतो आणि आपण मागून माल गोळा करत जातो.

लुई हा पहिला भेटणारा साहसवीर, आणि कायमचा कडका. त्या दिवशी दुकानात आला आणि तलवार मागितली. मी नेहमीसारखा वरचा भाव सांगितला, त्याला परवडेना. दुसऱ्या खेपेला मी खरेदीच्याही खाली उतरले. हिशेबाने चूकच होती, कारण हप्त्याला तीन दिवस उरले होते. पण पुढच्या वेळी त्याला घेऊन भुयारात उतरले तेव्हा त्याच्या हातात तीच तलवार होती. आधी ज्या राक्षसाला चार-पाच वार लागायचे तो दोनात पडला. साहसवीर आपल्याकडून घेतलेलीच हत्यारं वापरतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. म्हणजे मी त्याला जे विकेन त्यावर तो किती खोल जाणार हे ठरतं, आणि तो किती खोल जातो त्यावर उद्या माझ्या फळीवर काय असेल हे ठरतं. इतकी वर्षं गेममधल्या दुकानदारांना मी नुसतं सामान विकत आले. गल्ल्याच्या पलीकडे उभं राहिल्यावर वस्तूकडे बघायची नजरच बदलली.

तुम्हाला आठवणारी एक वस्तू किंवा एक गिऱ्हाईक सांगा. हाच गेम हवा असं नाही, पण दुकान आणि भुयार दोन्ही हवीत. कथेचा शेवट येणार असेल तर कृपया आधी तशी सूचना द्या.

*

माझी वस्तू म्हणजे चिलखतं. एक नाही, ढीगभर.

चौथा आठवडा होता, २,००,०००चा हप्ता. या गेममध्ये अधूनमधून बातमी येते, अमुक प्रकारच्या मालाचे भाव पडले, तमुकचे चढले. पडलेल्या भावात घ्यायचं, चढल्यावर विकायचं, हे मला पहिल्या दोन आठवड्यांत नीट जमलं होतं आणि त्यामुळे अंगात जोर आला होता. चिलखतांचे भाव पडल्याची बातमी आली आणि मी गल्ला जवळजवळ रिकामा करून चिलखतं भरली. आज ना उद्या भाव चढणार याची खात्री होती.

चढले नाहीत. हप्त्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे कागदावर तीन लाखांचा माल होता आणि रोख ऐंशी हजारसुद्धा नव्हती. दिवसाच्या चारही भागांत दुकान उघडं ठेवलं, तरी गिऱ्हाइकं येणार मोजकी, आणि त्यातल्या कितीजणांना चिलखत हवं असणार? टिअरने घर घेतलं. पुढच्या चित्रात रेसेट पुठ्ठ्याच्या खोक्यात राहायला गेलेली दिसते. ते चित्र बघून मी खरंच गप्प बसलो.

मग गेम पुन्हा सुरुवातीला नेतो, पण दुकानदार म्हणून कमावलेली पातळी हिरावून घेत नाही, हा त्याचा मोठेपणा. दुसऱ्या फेरीत मी एकच नियम पाळला: हप्त्याला दोन दिवस उरले की खरेदी बंद, जे आहे ते विकायचं. माल म्हणजे पैसा नव्हे, हे मी आधीही कितीदा वाचलं असेल, पण पटलं ते त्या खोक्यापाशी.

*

ज्यांना घासाघीस जमत नाही त्यांच्यासाठी: सुरुवातीला मूळ किमतीच्या जेमतेम चार-पाच टक्के वर सांगून बघा. गिऱ्हाईक पहिल्याच बोलीला हो म्हणतं, असे सौदे लागोपाठ झाले की अनुभवाचे गुण भराभर वाढतात. दर सौद्याला तीस टक्के ओढायच्या नादात मी ती साखळी सारखी तोडत होतो. लहान मुलींकडे तर मुळात पैसेच कमी असतात, त्यांना वरचा भाव सांगूच नका.

*

मी भाषांतराचं काम करते, त्यामुळे मला वस्तूपेक्षा शब्द आठवतात, चालेल ना?

'रेसेटिअर' मुळात जपानी आहे. ईझीगेमस्टेशन नावाच्या छोट्या हौशी गटाने तो बनवला आणि डिसेंबर २००७मध्ये कॉमिकेट या स्वयंप्रकाशित कामांच्या मेळ्यात तो आला. इंग्रजीत यायला सप्टेंबर २०१० उजाडलं. ते काम कार्पे फल्गर या अगदी लहानशा चमूने केलं, आणि काही महिन्यांतच एक लाखाहून जास्त प्रती खपल्या. तोवर असे जपानी गेम बाहेरच्या खेळाडूंपर्यंत रीतसर मार्गाने फारसे पोचतच नव्हते. पुढे तसे कितीतरी आले. एका छोट्या दुकानाच्या गोष्टीने ते दार किलकिलं केलं, याचा मला फार आनंद वाटतो.

आता शब्दांकडे येते. रेसेट उत्साहात आली की 'कॅपिटॅलिझम, हो!' असं ओरडते. हिला भांडवलशाहीचा अर्थ ठाऊक नाही, टिअरने शिकवलेला शब्द तिने लढाईच्या आरोळीसारखा उचललाय. मी गंमत म्हणून हे मराठीत कसं करावं याचा विचार करत बसले. 'भांडवलशाहीचा विजय असो' म्हटलं तर घोषणा होते, पोरकटपणा जातो. 'चला, नफ्याकडे!' बरं वाटतं, पण मग मोठ्या माणसाचा जड शब्द लहान तोंडी येण्याची मजा उरत नाही. तीन संध्याकाळी गेल्या, अजून उत्तर नाही. भाषांतर करणाऱ्याला त्या मुलीवर जीव जडल्याशिवाय असं वाक्य सुचत नाही, एवढं मात्र नक्की सांगते.

टिअरचं बोलणं वेगळं, नीटनेटकं आणि थोडं कोरडं. कर्जवसुलीला आलेली ही परी हळूहळू रेसेटच्या बाजूची होते, आणि ते कोणी सांगत नाही, तिच्या वाक्यांवरून कळतं.

*

आमच्या घरी 'मूनलाइटर' आहे. मी आणि माझी मुलगी मिळून खेळतो. गेम एकट्याचाच आहे, पण आम्ही वाटणी केली: रात्री भुयार तिचं, दिवसा दुकान माझं. कंट्रोलर इकडून तिकडे.

डिजिटल सन या स्पॅनिश स्टुडिओचा हा गेम मे २०१८मध्ये आला. इथे विल नावाचा दुकानदार स्वतःच भुयारात उतरतो. गाव रायनोका. गिऱ्हाइकांशी घासाघीस नाही, भाव आपण लिहायचा आणि त्यांचे चेहरे वाचायचे. डोळ्यांत नाणी चमकली तर फार स्वस्त दिलं. साधं हसू म्हणजे बरोबर. तोंड पाडून घेतलं तर जास्त आहे, पण घेतात. चिडले तर वस्तू परत फळीवर. मुलगी पहिल्यांदा एक चमकता स्फटिक घेऊन आली, मी मनाला येईल तो भाव लावला आणि पहिल्याच गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत नाणी! ती म्हणाली, "आई, मी त्यासाठी किती लढले होते." तिचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. तेव्हापासून नवी वस्तू आली की मी आधी चढा भाव लावते आणि चेहरे बघत बघत खाली येते. कशाला किती मिळालं ते गेम वहीत टिपून ठेवतो, तरी आम्ही आमची वेगळी वही केली आहे. तिच्या अक्षरात.

पण मला खरं सांगायचंय ते पाठपिशवीबद्दल. पिशवीत जागा मोजकी, आणि पेटीतून मिळणाऱ्या काही वस्तूंना शाप असतात. एखादी पिशवीच्या अगदी वरच्या किंवा खालच्या ओळीतच ठेवावी लागते. एखादीचा बाण शेजारच्या वस्तूकडे असतो आणि परत जाताना ती शेजारची वस्तू नष्ट होते. एखादी याच्या उलट, शेजारची वस्तू थेट घरच्या संदुकीत पाठवून देते. एखादी शेजारच्या वस्तूचा शाप काढून टाकते. लढाई संपली की मुलगी गेम थांबवते आणि आम्ही दोघी त्या चौकटींकडे बघत बसतो: ही इकडे सरकवली तर तो बाण कुठे जाईल? सगळ्यात वरची खिशांची ओळ मेल्यावरही वाचते, म्हणून तिथे काय ठेवायचं यावर आमचे मतभेद होतात. ती सर्वांत महाग वस्तू ठेवते. मी म्हणते, उद्याच्या हत्यारासाठी जी लागणार आहे ती ठेव.

गेल्या महिन्यात ती वाळवंटाच्या भुयारात फार पुढे गेली. जीव थोडा उरला होता. पदक वापरून परतता आलं असतं, पण त्याला सोनं लागतं आणि तिला ते वाचवायचं होतं. पुढच्याच खोलीत विल पडला. खिशात पाच वस्तू राहिल्या, बाकी पिशवी गेली. ती काही बोलली नाही. मी कंट्रोलर घेतला, दुकान उघडलं, आणि त्या पाच वस्तू जितक्या नीट विकता येतील तितक्या विकल्या. त्यात एक चोरही आला. ती किंचाळली, "तो बघ, तो पळतोय!" पकडला मी त्याला. वस्तू परत फळीवर ठेवली तेव्हा आम्ही दोघी उभ्याच होतो.

*

या सगळ्याचं मूळ कोणी सांगितलं नाही, म्हणून लिहितो. 'ड्रॅगन क्वेस्ट ४' (१९९०) प्रकरणाप्रकरणांनी उलगडतो, आणि तिसरं प्रकरण टॉर्नेको या जाडजूड शस्त्रविक्रेत्याचं. तो सुरुवातीला स्वतःचा मालकही नसतो, दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करतो. आपण गल्ल्यामागे उभे, गिऱ्हाईक येतं, हत्यार मागतं, आपण विकतो आणि दिवस संपल्यावर मजुरी घेऊन घरी जातो. हवं तर कितीही दिवस असंच करत राहावं, गेम घाई करत नाही. मी बरेच दिवस केलं. पुढे त्याचं स्वतःचं दुकान होतं, आणि तो भुयारं पालथी घालत असताना बायको गल्ला सांभाळते. तिच्याकडे माल देऊन जायचं, परतल्यावर पैसे तयार. १९९३मध्ये त्याच टॉर्नेकोला नायक करून वेगळा गेम निघाला, दर वेळी नव्याने घडणाऱ्या भुयाराचा.

माझी वस्तू? तिथली नोकरीतली पहिली मजुरी. ती खर्च करायला माझं मन होत नव्हतं.

*

टॉर्नेकोची बायको! तिच्याबद्दल वाचून फार बरं वाटलं. आमच्या 'मूनलाइटर'मध्येही हेच चाललंय, गल्ल्यावर मी, फक्त भुयारात नवरा नाही, मुलगी.

*

माझ्या मनगटांना त्रास आहे. झटपट बटणं दाबायचे गेम मी सोडूनच दिले होते. 'रेसेटिअर'मध्ये भुयार आहे हे कळल्यावर तोही बाजूला ठेवला होता. मग एका मित्राने सांगितलं की भुयाराशिवायही बरंच काही होतं, गिल्ड आणि बाजार यांच्यावर दुकान चालतं.

खरंच चालतं. मी पहिले तीन हप्ते बहुतेक व्यापारावरच फेडले. मला सर्वांत आवडलं ते दुकान सजवणं. भिंतींचा कागद, गालिचा, गल्ल्याचं टेबल बदललं की दुकानाचा सूर बदलतो, उजळ किंवा गडद, साधा किंवा भपकेबाज, आणि त्यावर कोण येणार हे ठरतं. दर्शनी फळीवर काय मांडलंय ते बघून माणसं आत येतात. माझा एक अख्खा दिवस दर्शनी फळीवर काय ठेवावं यात जायचा. आगाऊ मागण्याही असतात: इतक्या दिवसांनी इतक्या टोप्या हव्यात. त्या तारखेला दुकान बंद राहिलं तर गिऱ्हाईक नाराज होतं. मी तारखा कागदावर लिहून पडद्याला चिकटवत असे.

मग एक दिवस मनगटं बरी होती, तेव्हा लुईला घेऊन पहिल्या भुयारात गेलो. पाच मजल्यांनी बाहेर पडायची संधी मिळते, तेवढं गाठायचं ठरवलं. चौथ्यावर लुई पडला. अशा वेळी गोळा केलेल्या मालातून सुरुवातीला एकच वस्तू बरोबर नेता येते. महागाची एक अंगठी होती. बाजूला राक्षसाच्या अंगातून निघालेला चिकट द्रव, कवडीमोल. मी अंगठी निवडली, घरी आणली आणि दर्शनी फळीवर ठेवली.

विकली नाही. मूळ धाग्यात शेवटाबद्दल सूचना मागितली आहे, तर पुढचं वाक्य ज्यांना नको त्यांनी इथेच थांबा. शेवटचा हप्ता फेडल्यावरही गेम चालू ठेवता येतो, टिअर दुकानातच राहते, आणि माझी अंगठी अजून तिथेच मांडलेली आहे.

*

धागाकर्ती. मनगटवाल्या दादांसाठी: लुईला एखादी बरी ढाल स्वस्तात देऊन बघा. पाचवा मजला येईल. काल मी त्याला चिलखतही दिलं, पुन्हा खरेदीच्या खाली. हप्त्याला आता चार दिवस आहेत आणि गल्ल्यात ६१,००० पिक्स. दर्शनी फळीवर काय ठेवावं ते सांगाल का?