नागपुरात रीफ टँक: कोरल वाढत नाहीत, १५ हजारांत काय घेऊ?

महालकर_वाडा
नमस्कार मंडळी. मागच्या पावसाळ्यात रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायचा समुद्री टँक लावला. २ × दीड × दीड फूट, दगड-वाळू वजा जाता ११० लिटर पाणी. दोन क्लाउनफिश, आणि मऊ कोरलपैकी झोआंचे दोन फ्रॅग (कापून लावलेले छोटे तुकडे), काही मशरूम आणि एक टोडस्टूल लेदर. मासे एकदम खुशीत. कोरल मात्र जिथल्या तिथे. झोआंची डोकी आणली तेव्हा होती तेवढीच आहेत, मशरूम आक्रसून चालले, आणि होळीनंतर लेदर दुपारी उघडतच नाही.

तापमान सकाळी २६, संध्याकाळी २९.५. क्षारता काट्याच्या हायड्रोमीटरवर १.०२५. नायट्रेट ०, फॉस्फेट ०. लाइट ९ तास. पाणी कमी झालं की रविवारी घरच्या आरओचं टाकतो, पातळी बरोबर करतो. दुकानदार म्हणतो मोठा लाइट घ्या आणि कॅल्शियमची बाटली रोज टाका.

बजेट १५ हजार, त्याच्या वर नाही. घर महालात, जुना वाडा, टँक वरच्या मजल्यावर हॉलमध्ये. काय घेऊ?

धरमपेठ_रीफ
चिलर (टँकचं पाणी थंड करायचं मशीन) घ्या भाऊ. दुसरा विषयच नाही. मी ४२ हजारांचा घेतला. मे महिन्यात बाहेर ४६ असते तेव्हा माझ्या टँकमध्ये काटा २५.५ वर. पाहुणे येतात तर पाण्यात बोट घालून पाहतात. नागपुरात चिलरशिवाय रीफ म्हणजे फुकटचा जीव घेणं आहे कोरलचा.

महालकर_वाडा
दादा, बजेट १५ आहे.

धरमपेठ_रीफ
हो, वाचलं. थोडं थांबून पैसे जमवा, पण चिलरच घ्या.

निळा_उजेड
चिलर नंतर. आधी लाइट बदला. कोरलच्या शरीरात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहते, तेच उजेडावर अन्न तयार करून कोरलला देते. उजेडच कमी पडला तर कोरल वाढतील कसे? माझा लाइट २८ हजारांचा आहे, मोबाइलवरून सकाळ-दुपार-संध्याकाळ लावता येते. लावल्यापासून झोआ नुसते पसरून राहिले.

कूलरची_खस
महालकर, लाइट घ्यायच्या आधी झोआंचे देठ पाहा. उजेड कमी असला की झोआ देठ लांब करून वर ताणतात. तुमचे ताणलेत का?

महालकर_वाडा
नाही. उलट दगडाला चिकटून बसलेत, आखूड. मशरूमच्या कडा आत वळल्यात.

कूलरची_खस
मग उजेड कमी नाही, झालाच तर जास्त आहे. मशरूमला खाली वाळूजवळ, सावलीत सरकवा. नवीन लाइट अजिबात घेऊ नका.

निळा_उजेड
फोटो न पाहता असं सांगता येत नाही. माझ्याकडे फरक पडला म्हणून सांगितलं.

प्लांटेड_प्रतापनगर
एक प्रामाणिक सल्ला देतो. गोड्या पाण्याचा प्लांटेड टँक करा. मीठ नाही, चिलर नाही. १५ हजारांत सगळं सामान येऊन पैसे उरतील.

मालवण_ते_मानेवाडा
२९.५ ला एवढं घाबरायचं कारण नाही. मी मालवणला पाण्याखाली कोरल पाहिलेत. तिथे मे महिन्यात समुद्र २९-३० च्या आसपास असतोच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, संधी मिळाली तर सगळ्यांनी जाऊन या. टँकमध्ये ते रंग नाही दिसत.

कूलरची_खस
बरोबर आहे, पण समुद्र सकाळी २६ आणि संध्याकाळी २९.५ होत नाही ना. तिथे एवढा फरक पडायला आठवडे लागतात, इथे रोज पडतो. कोरल विटतात, म्हणजे आतलं शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात, ते नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखादा अंश जास्त बरेच दिवस राहिलं तरी. त्यामुळे एका विशिष्ट आकड्याच्या मागे लागू नका. २७ तर २७, २८ तर २८, पण दिवसभर तिथेच राहू द्या.

आता तुमच्या रविवारच्या पाण्याबद्दल. खरी गडबड मला तिथे दिसते. विदर्भातला उन्हाळा कोरडा. उघड्या टँकचं पाणी रोज दीड-दोन लिटर उडते. उडते ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहते. आठवड्यात ११० चे ९८ लिटर झाले तर ३५ ची क्षारता (हजार भागांत ३५ भाग मीठ) ३९ वर जाते. मग रविवारी तुम्ही एकदम १२ लिटर गोडं पाणी ओतता आणि ती तासाभरात ३५ वर येते. दर आठवड्याला हे होऊन राहिलं. मासे सोसतात, कोरल तोंड मिटून बसतात. लेदर दुपारी बंद राहते त्यात उष्णतेचाही हात असेल, पण मला जास्त संशय याचा आहे.

इलाज स्वस्त आहे. कूलरला लावतात तो प्लास्टिकचा फ्लोट व्हॉल्व्ह सीताबर्डीला कुठेही मिळते. वर एक दहा लिटरचा कॅन ठेवा, बारीक नळी, व्हॉल्व्ह टँकच्या पातळीवर. जेवढं उडेल तेवढंच थेंबथेंब येईल. पितळी व्हॉल्व्ह चुकूनही नको, पितळेत तांबं असते आणि तांबं कोरलचा, कोळंबीचा जीव घेते. कॅन मोठा ठेवू नका. व्हॉल्व्ह अडकला तर अख्खा कॅन टँकमध्ये रिकामा होईल, दहा लिटरपर्यंत निभावते.

दुसरं, पाण्यावर तिरपा पंखा लावा. एक लिटर पाणी उडताना एवढी उष्णता घेऊन जाते की ११० लिटर पाणी जवळपास ५ अंशांनी उतरेल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते म्हणून पंखा फार चांगला चालतो. जुलैत दमट हवेत तोच पंखा निम्मंही काम करत नाही, पण तेव्हा बाहेरच ३० असते. फक्त एक लक्षात ठेवा, हॉलमध्ये खिडक्या लावून कूलर चालवाल तर खोली दमट होईल आणि टँकचा पंखा निकामी. खिडकी उघडी पाहिजे.

धरमपेठ_रीफ
पंख्याने दोन-तीन अंश फरक पडते. मी केलेलं आहे. शेवटी चिलरच घ्यावा लागला.

ऑरेंज_क्लाउन
वर सांगितल्याप्रमाणे चिलर उत्तम. आणि टँकला हॅमर किंवा टॉर्च कोरल लावा, हलताना ते फार सुंदर दिसतात. माझ्या ओळखीच्यांकडे मिळतील.

गोरेवाडा_गस्त
थांबा. हॅमर, टॉर्च, ब्रेन, अक्रोपोरा हे सगळे दगडी कोरल. दगडी कोरल २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. ब्लॅक कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि सी फॅनसुद्धा. मेलेला सांगाडा शोकेसमध्ये ठेवला तरी गुन्हाच. बाहेरच्या देशातून आणायचे तर सायटिसची (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं लागतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीसुद्धा. महालकरांकडे जे आहे ते झोआ, मशरूम, लेदर हे त्या यादीत नाहीत. तेच वाढवा. आपण कोरलवर प्रेम करतो म्हणून टँक लावतो, मग कोणी रीफ फोडून आणलेला तुकडा घरात कसा ठेवायचा?

ऑरेंज_क्लाउन
सगळीकडे मिळतात, सगळे ठेवतात.

गोरेवाडा_गस्त
मिळतात म्हणून कायदा बदलत नाही. आणि धाग्यात नवीन माणूस विचारून राहिला, त्याला सुरुवातीलाच बरोबर सांगणं आपलं काम आहे.

सेमिनरी_हिल्स_रीफ
कायद्याचं पटलं. कॅल्शियमच्या बाटलीबद्दल मात्र कोणी बोललंच नाही. ती घेऊ नका. मऊ कोरल कॅल्शियम फार थोडं वापरतात. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर चांगल्या मिठातून पुरेसं मिळते. कॅल्शियम ४००-४५० पीपीएम, अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट) ८-९ डीकेएच (ते मोजायचं एकक), मॅग्नेशियम १२५०-१३५० पीपीएम, एवढं पुरे. न मोजता बाटली ओतली तर अल्कलिनिटी ढासळते आणि पंपावर पांढरा थर बसतो.

आणि नायट्रेट ०, फॉस्फेट ० हे चांगलं लक्षण नाही. कोरलला दोन्ही थोडे लागतात. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान असू द्या. माशांना थोडं जास्त खाऊ घाला, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) असेल तर रात्रीच चालवा. शून्यावर टँक ठेवला की वाळूवर तपकिरी चिकट थर येतो, त्यात हवेचे बुडबुडे अडकतात. तुमच्याकडे आलाय?

महालकर_वाडा
आलाय! मी समजत होतो खाणं जास्त होऊन राहिलं, म्हणून एक दिवसाआड केलं होतं.

सेमिनरी_हिल्स_रीफ
मग आजपासून रोज दोनदा, थोडं थोडं. अजून एक, तुमच्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असेल. चव येण्यासाठी तो कच्चं पाणी मिसळतो, सोबत फॉस्फेट आणि सिलिकेटही येते. पेंच-कन्हानच्या नळाचं पाणी असलं तरी मीटर लावून पाहा, बोरचं असेल तर बोलायलाच नको. आरओनंतर डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणारे दाणे) नळी जोडा, टीडीएस ० आला पाहिजे. आणि काट्याचा हायड्रोमीटर फेका. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा वर जाते. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून उजेड वळतो त्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण) घ्या आणि ३५ च्या द्रावणाने जुळवा, साध्या पाण्याने नाही.

वऱ्हाडी_समुद्र
माझ्या दगडावर ऐप्टेशिया (तणासारखा पसरणारा समुद्री जीव) झाला होता, मी दगड सरळ उकळून काढला. टँक साफ ठेवला की कोरल आपोआप वाढतात.

सेमिनरी_हिल्स_रीफ
झोआ असलेला दगड कोणीही उकळू नका!! झोआ आणि त्यांच्या जातभाईंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकते. उकळल्यावर ते वाफेतून श्वासात जाते आणि माणूस दवाखान्यात. फ्रॅग कापतानाही हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नका. हे प्रत्येक धाग्यात सांगितलं पाहिजे.

वऱ्हाडी_समुद्र
मला काही झालं नाही.

लाइन_गेली
इथे सगळे मशीन सांगून राहिले, विजेचं कोणी सांगत नाही. आमच्या भागात मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर उडाला, रात्रभर लाइन नव्हती. वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) बंद, पाणी गरम, त्यात ऑक्सिजन कमी. सकाळपर्यंत दोन मासे गेले. १५ हजारांतून पहिले बॅटरीचा एअर पंप घ्या. बाकी नंतर.

महालकर_वाडा
सगळ्यांचे मनापासून आभार. रिफ्रॅक्टोमीटर मागवून पाहिलं. शनिवारी रात्री ३९, रविवारी पाणी टाकल्यावर ३५. खसभाऊंनी सांगितलं तसंच निघालं.

मी वेगळा विचार करून राहिलो. आमच्या वाड्यात खाली माजघर आहे, मातीच्या हातभर जाड भिंती. तिथे बादलीत पाणी भरून थर्मामीटर सोडला. या आठवड्यात सकाळी २६.८, संध्याकाळी २७.६. हॉलचं छत पत्र्याचं आहे. टँक खाली नेला तर?

धरमपेठ_रीफ
चालता टँक हलवू नका. सगळा बसलेला समतोल मोडेल. चिलर.

निळा_उजेड
सहमत, हलवू नका. माजघरात कोण पाहणार? टँक हॉलमध्येच शोभते.

सेमिनरी_हिल्स_रीफ
मीही नाहीच म्हणेन. बादलीत लाइट नाही, पंप नाही, टँकमध्ये दोन्ही आहेत. एक-दीड अंश वर जाईल. पंखा आणि फ्लोट व्हॉल्व्ह लावून हॉलमध्येच महिनाभर पाहा.

कूलरची_खस
हलवायची गरज नाही असं माझंही मत. महिनाभर थांबा.

महालकर_वाडा
ठरवलं, खालीच नेतो. वरची जमीन लाकडी तुळयांची आहे आणि काच, दगड, पाणी मिळून पावणेदोनशे किलो तरी भरते, ते मला आधीपासून खटकत होतं. माजघरात दीड अंश वाढला तरी २९ च्या आसपासच राहते, आणि दिवस-रात्रीत एक अंशाचाच फरक. पैसे असे: डीआय, रिफ्रॅक्टोमीटर, अल्कलिनिटी-नायट्रेट-फॉस्फेटचे टेस्ट, पंखा, फ्लोट व्हॉल्व्ह, बॅटरीचा एअर पंप. मिठाची बादली घेऊनही दोनेक हजार उरतात. लाइट जुनाच. आई रोज माजघरात बसते भाजी निवडायला, तिला टँक समोर मिळाला म्हणून ती खूश आहे.

कूलरची_खस
ठरलंच असेल तर नीट करा. अर्धं जुनं पाणी स्वच्छ ड्रममध्ये काढा, दगड त्यातच बुडवून ठेवा, कोरड्या हवेत अजिबात नको. मासे वेगळ्या बादलीत, एअर पंप चालू. वाळू जुनीच वापरणार असाल तर आधी समुद्री पाण्याने गढूळपणा जाईपर्यंत धुवा, नाहीतर तळचा गाळ उसळून अमोनिया चढते. ताजं मिठाचं पाणी आदल्या दिवशी कालवून त्याच तापमानाला आणा. पहिले चार-पाच दिवस रोज अमोनिया मोजा आणि लाइट ६ तासच ठेवा.

धरमपेठ_रीफ
अमोनियाची टेस्ट किट यादीत नाही तुमच्या. माझ्याकडे एक जास्तीची आहे, तारीख बाकी आहे. धरमपेठेत येऊन घेऊन जा, पैसे नको.