मदत हवी आहे: ट्रस्टचे चेंज रिपोर्ट रखडलेत, कोल्हापुरात मोफत वकील मिळेल का?

नमस्कार मंडळी. आमची संस्था 1860 चा सोसायटी नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेली. एका विश्वस्ताचं निधन, दुसऱ्याचा राजीनामा, मग नवी निवड. पण शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीत, अजून जुनीच नावं. त्यामुळे बँक सह्या बदलून देत नाही.

1950 च्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे प्रत्येक बदल चेंज रिपोर्ट देऊन त्या कार्यालयाला 90 दिवसांत कळवायला हवा होता, म्हणजे आता प्रत्येक बदलासोबत विलंब माफीचा अर्जही आला. मृत्यूचा दाखला, राजीनामा, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं तयार आहेत. अडचण सभेच्या नोटिशीची. ती सर्वांना मिळाल्याचा पुरावा एका सभेपुरता अपुरा आहे, आणि अशा अर्जांत हरकत नेमकी तिथंच निघते. शिवाय आधीच्या निवडीवर नंतरची उभी, म्हणून क्रमानेच जावं लागणार. नोटीस मिळाल्याची सर्व सदस्यांची प्रतिज्ञापत्रं दिली तर भागतं का? ऑडिट वेळेत आहे, त्याची काळजी नाही.

खरा प्रश्न वकिलाचा. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 व्यक्तींसाठी आहे, संस्थांसाठी नाही. पण अर्जदार विश्वस्त महिला आहेत; महिलांना उत्पन्नाची अट नाही आणि अर्धन्यायिक (न्यायालयासारखा निर्णय देणाऱ्या) अधिकाऱ्यापुढचं कामही त्या कायद्यात बसतं. या आधारे कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाकडून कुणाला धर्मादाय कार्यालयातल्या कामासाठी वकील मिळालाय का? नाहीतर फक्त मसुदा तपासून देणारं कुणी सुचवा. टायपिंग, नोटरी, झेरॉक्सचा खर्च संस्था करेल.