ज्वालामुखीची 'राख' आणि 'धूर'

बातम्यांत कायम येतं, 'ज्वालामुखीने राख आणि धूर ओकला.' राख म्हणजे जळून उरतं ते. मग ज्वालामुखीच्या आत जळतं तरी काय? शिवाय मॅग्मा, शिलारस, लाव्हारस हे सगळं एकच का?

– जळत काहीच नाही. जमिनीखाली असतो तो मॅग्मा, म्हणजेच शिलारस: वितळलेला खडक, त्यात थोडे स्फटिक आणि विरघळलेले वायू. तो वर येऊन वाहू लागला की लाव्हा. वर येताना दाब उतरतो, वायू फुगतात, आणि जोर असेल तर शिलारसाच्या चिंधड्या उडतात. त्यातल्या 2 मिलिमीटरहून बारीक कणांना राख म्हणतात. ही खरं तर दगडाची आणि काचेची पूड. पाण्यात विरघळत नाही, भिजली की इतकी जड होते की छपरं बसतात. जून 1982 मध्ये इंडोनेशियातल्या गालुंगगुंगच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या जंबोची चारही इंजिनं हवेतच बंद पडली. राखेतली काच आत वितळून चिकटली होती. नशीब, खाली आल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली.

– मग 'धूर'ही चूकच. त्या लोटात बहुतांश पाण्याची वाफ, मग कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, आणि हीच पूड.

– 'राख' रुळलाय, राहू द्या. 'धूर' मात्र सोडावा, 'लोट' पुरतो. खऱ्या ज्वाळा पाहायच्या तर हिमाचलातल्या कांगड्याच्या ज्वालामुखी देवीला जा. तिथे खडकाच्या फटींतून येणारा नैसर्गिक वायू जळतो, पण तो ज्वालामुखी नव्हे! आपल्या देशातला जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर.

– सह्याद्रीचा काळा कातळही लाव्हाच ना?

– हो, थिजलेला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, थरावर थर.

– 'लाव्हाचे थर' की 'लाव्ह्याचे'?

– मी 'लाव्ह्याचे' लिहितो, घोडा–घोड्याचे या चालीवर. 'लाव्हाचे'ही चालतं. 'लाव्हारस' मला खटकतो, कारण थिजल्यावरही तो लाव्हाच असतो, तेव्हा रस कुठला?

– 'शिलारस' तेवढा जपून वापरा हो. काष्ठौषधींच्या दुकानात मागितलात तर झाडाची चिकट, सुगंधी राळ हातात पडेल.