मदत हवी आहे: जुवारीकाठी गळाची स्पर्धा ठेवायची आहे, परवाना आणि सुरक्षेबाबत मार्गदर्शन करावे

नमस्कार.

आमचे गाव गोव्यातील फोंडा तालुक्यात जुवारी नदीच्या काठी आहे. तुळशीचे लग्न झाल्यावर येणाऱ्या एखाद्या रविवारी गळाने मासे पकडण्याची स्पर्धा घ्यावी, असे गावातील युवक मंडळाने ठरविले असून सचिव या नात्याने परवानग्यांचे काम माझ्याकडे आले आहे. स्पर्धक तीरावरूनच गळ टाकतील. होडी, पागेर किंवा अन्य कोणतेही जाळे वापरू द्यायचे नाही, हे आधीच ठरले आहे. तरीही गावात विचारले तर कोणी म्हणतो, "गळाला कसला आलाय परवाना?" आणि कोणी थेट पोलिसांची भीती घालतो. एका सरकारी कार्यालयात चौकशी केली, तर त्यांनी दुसऱ्या कार्यालयाचे नाव सांगितले. ऐकीव माहितीवर पन्नास माणसे नदीकाठी उभी करणे मला योग्य वाटत नाही, म्हणून हा धागा.

आतापर्यंत जे समजले ते थोडक्यात असे. गोवा, दमण आणि दीव सागरी मासेमारी नियमन कायदा 1980 सालचा आहे आणि त्यातील परवाना मासेमारी नौकेला दिला जातो. 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांची पावसाळी बंदी यांत्रिक नौकांच्या सागरी मासेमारीसाठी असते. आमची स्पर्धा पावसाळ्यानंतर आणि तीरावरून असल्यामुळे या दोन्ही गोष्टी आम्हाला थेट लागू होत नाहीत, असा माझा समज आहे. तो चुकीचा असल्यास जाणकारांनी कृपया दुरुस्त करावा.

खरी अडचण जागेची आहे. गळासाठी सर्वांत उत्तम जागा म्हणजे खाजन शेताच्या (नदीचे खारे पाणी बांध घालून अडवलेल्या शेताच्या) बांधावरील मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार. ओहोटी लागली की लाकडी दारे उघडतात, आतले पाणी खळखळत नदीत उतरते आणि त्या फेसाळ पाण्याच्या कडेला शेवटो, काळुंदर, नशीब असेल तर चोणकही फिरू लागतो, त्यामुळे प्रत्येक स्पर्धकाला तिथेच उभे राहायचे असणार. परंतु मानशीवरील मासेमारीच्या हक्काची पावणी म्हणजे लिलाव होतो आणि ज्याने बोली जिंकली तो ओहोटीच्या वेळी दाराला जाळे लावून आपली रक्कम वसूल करतो. त्याच्या पोटावर पाय देऊन स्पर्धा घ्यायची नाही, याबद्दल मंडळात एकमत आहे. मतभेद आहे तो नदीच्या बाजूने, दारापासून काही अंतरावर बसण्याबद्दल. माझ्या मते तेही त्याला विचारल्याशिवाय करू नये, पण तरुण मंडळींना हे पटत नाही.

सुरक्षेबाबतही काही शंका आहेत. समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक असतात आणि धोक्याच्या वेळी लाल बावटा लागतो, तशी सोय नदीकाठी नाही. बांधावरील चिखल भरती उतरल्यावर इतका निसरडा होतो की पायताण काढले तरी तोल जातो. जुवारीला मांडवीशी जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरींचा वावर आहे, हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे गुडघाभर पाण्यात उतरून गळ टाकण्याची परवानगी कोणालाही द्यायची नाही, असे मी स्पष्ट सांगितले आहे. शिवाय आमच्या निवडलेल्या जागेच्या एका टोकावरून विजेच्या तारा गेल्या आहेत. हल्लीच्या कार्बनच्या काठ्यांतून वीज वाहते, ही गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. ते टोक दोरी बांधून बंद करावे, असा माझा विचार आहे.

तेव्हा प्रश्न असे: तीरावरून केवळ गळ टाकणाऱ्यांच्या स्पर्धेसाठी मत्स्योद्योग खात्याचे पत्र घ्यावे लागते का? नदीच्या पात्राचा प्रश्न असल्यामुळे बंदर कप्तान खात्यालाही कळवावे का? आणि मानशीच्या बाबतीत लेखी संमती नेमकी कोणाची, बोली जिंकणाऱ्याची की कूळ संघटनेची (खाजन कसणाऱ्या कुळांच्या संस्थेची)?

प्रतिसाद:

आपण विचारपूर्वक लिहिले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. आमच्या गावात अशी स्पर्धा झाली तेव्हा आम्ही मत्स्योद्योग खाते, बंदर कप्तान, पंचायत आणि पोलीस ठाणे या चौघांनाही एकाच मजकुराचे पत्र दिले होते. पत्रात जागा, तारीख, वेळ, अंदाजे किती माणसे येणार आणि "होडी व जाळे वापरले जाणार नाही" हे वाक्य ठळक लिहावे, प्रत्येक ठिकाणी पोच घ्यावी आणि ती स्पर्धेच्या दिवशी जवळ बाळगावी. कोणाला परवानगी आवश्यक वाटली, तर ते तसे कळवतात. तोंडी "चालेल" ऐकून मात्र घरी येऊ नये.

मानशीच्या बाबतीत मी आपल्या बाजूने आहे. बोली लावणाऱ्याशी आधी बोला, मग कूळ संघटनेकडून लेखी घ्या, कारण पावणी त्यांनी केलेली असते आणि तिच्या अटीही त्यांच्याकडेच असतात. जिथे बांध कोमुनिदादीचा (गावाच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेचा) आहे, तिथे कोमुनिदादीला विचारावे. स्पर्धेची वेळ भरतीच्या पूर्वार्धात ठेवलीत तर मानशीची दारे बंद असतात, त्यामुळे वादही टळेल आणि दाराजवळची ओढही नसेल. तिथी पाहताना भांगाचा, म्हणजे भरती कमी असण्याचा, दिवस निवडा. उधाणाच्या दिवशी पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत येते.

दोन स्पर्धकांत निदान काठीच्या दुप्पट अंतर ठेवा, कारण गळ मागे घेऊन फेकताना शिसे आणि गरी शेजाऱ्याच्या तोंडावर येते. लहान मुलांना लाइफ जॅकेट सक्तीचे करा. वाचवण्यासाठी दोरी बांधलेली ट्यूब आणि पोहणारे दोघे, ज्यांच्या हातात गळ नसेल असे, बांधावर उभे ठेवा. आणीबाणीचा 112 हा क्रमांक फलकावर लिहून लावावा. विजेच्या तारांखालचे टोक बंद करण्याचा आपला विचार अगदी योग्य आहे. मी तर तिथे प्रेक्षकही उभे करणार नाही.

पत्रांचा नमुना हवा असल्यास इथेच टाकतो. भरतीचे वेळापत्रक मिळाले की तारीख कळवा.