फ्लॉइडचा सगळ्यात दुर्लक्षित अल्बम कुठला? माझं मत : द फायनल कट

टिळकवाडीकर :
पिंक फ्लॉइड हा इंग्लंडचा रॉक बँड म्हटला की आपल्याकडं डार्क साइड, विश यू वेअर हिअर आणि द वॉल, गाडी इथंच थांबते. जरा पुढं जाणारे अ‍ॅनिमल्सवर उतरतात. १९८३ चा द फायनल कट कोण काढतच नाही, काढला तर "तो वॉटर्सचा सोलो गा" म्हणून एका वाक्यात मोडीत (रॉजर वॉटर्स म्हणजे बँडमधला गाणी लिहिणारा). मला हे अजिबात पटत नाही आणि बेळगावच्या पोरांनी असं म्हणावं हे तर त्याहून पटत नाही, का ते सांगतो.

हा अल्बम कशावर आहे बघा की. १९८२ च्या एप्रिल ते जूनमध्ये ब्रिटन आणि अर्जेंटिनाचं फॉकलंड बेटांवरून युद्ध झालं, आणि वॉटर्सच्या डोक्यात एकच गोष्ट, की माझा बाप ज्या जगासाठी मेला ते हेच काय. बाप म्हणजे एरिक फ्लेचर वॉटर्स, १८ फेब्रुवारी १९४४ ला इटलीत अँझिओला गेला, तेव्हा रॉजर पाच महिन्यांचा. अल्बम त्यालाच अर्पण केलाय आणि कव्हरवर मेडलच्या रिबिनी आणि पॉपीचं फूल, बाकी काही नाही. आता त्याच इटलीत आपल्या मराठा पलटणी लढूलालत्या हे कितीजणांच्या लक्षात आहे? यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात गेले, नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमींना पाठीवर घेऊन पाण्यातून परत आणलं, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, आणि रेजिमेंट कुठली तर जिचं सेंटर आज आपल्या कॅम्पात आहे ती. म्हणजे हा अल्बम केंब्रिजच्या एका पोराचा असला तरी त्यातली लढाई आपल्या लोकांनीपण लढलेली आहे. खानापूर, चंदगड बाजूला कुठल्याही गावात जा, सोप्यात नाहीतर देवघराशेजारी वर्दीतला एक फोटो असतोच.

त्यात 'द हीरोज रिटर्न' नावाचं गाणं आहे. ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकायला गेलेला माणूस परत येऊन मास्तर झालाय, पोरांवर खेकसतो, आणि आपल्या विमानातला गनर मरताना इंटरकॉमवर काय बोलला ते त्याला बायकोला सांगता येत नाही. ती झोपली की मग सांगतो. पेन्शनवर आलेले आमच्या गल्लीतले काका असेच, युद्धाचं विचारलं की "जेवलास काय रे" म्हणून विषय बदलणार. मी ज्या वयात हे गाणं ऐकलं त्या वयात मला ते काका कळायला लागले, द वॉलनं हे कधी केलं नाही.

आणि 'द गनर्स ड्रीम' मधला तो क्षण, वॉटर्सची किंकाळी ताणत ताणत जाते आणि कळायच्या आत तिचा सॅक्सोफोन होतो, राफेल रेव्हन्सक्रॉफ्टनं वाजवलाय. अख्ख्या फ्लॉइडमध्ये माणसाचा आवाज आणि वाद्य एवढं जवळ कुठं आलंय दाखवा मला. दाखवा म्हणजे खरंच दाखवा, मी ऐकतो.

कॅसिओवाला_शहापूर :
दादा लई छान लिहिलंस पण मला मुळातच पटत नाही. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो त्यामुळं माझा मुद्दा सरळ आहे, ज्यात कीबोर्डवाला रिक राइट नाही तो फ्लॉइड नाही. त्याला आधीच बाहेर काढलेला, त्याच्या जागी पियानोला मायकेल केमन आणि ऑर्गनला अँडी बाउन. गिटारवाल्या गिल्मोरला पुढं गायला मिळालं ते फक्त 'नॉट नाऊ जॉन' मध्ये. निक मेसनला तर शेवटच्या गाण्यात ड्रमवरून उठवून अँडी न्यूमार्कला बसवलं. चौघातला एक नाही, एकाचं तोंड बंद, एकाची जागा दुसऱ्याला, मग राहिलं कोण? मागच्या बाजूला त्यांनी स्वतःच छापलंय की लिहिणारा रॉजर वॉटर्स आणि वाजवणारे पिंक फ्लॉइड. ते वाचून पण तू आम्हाला सांगूलालास की हा बँडचा अल्बम?

आणि दुर्लक्षित कसला, ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलेला अल्बम आहे तो. डार्क साइड तिथं दोनच्या वर कधी चढला नाही.

टिळकवाडीकर :
एक नंबरला गेला हे खरं, पण द वॉलनंतर तीन-साडेतीन वर्षांनी आलेलं काहीही लोकांनी पहिल्या आठवड्यात उचललंच असतं. पुढं काय झालं ते बघ. ह्या अल्बमचा दौराच निघाला नाही. बँडनं ही गाणी कधी एकत्र स्टेजवर वाजवलीच नाहीत. १९८७ पासून वॉटर्सशिवाय गिल्मोरचा फ्लॉइड फिरला त्यात यातलं एक गाणं नाही. ज्या अल्बमला त्याच्याच माणसांनी वाऱ्यावर सोडलं तो दुर्लक्षित नाही तर कोण?

राइटबद्दल तुझं दुःख मला कळतं. पण ह्या अल्बमला पोकळी पाहिजे होती. राइटचे ते पसरलेले सूर आले असते तर सगळं मऊ झालं असतं. केमनचा पियानो कोरडा आहे, दोन सूर आणि मग गप्प. 'साउथॅम्प्टन डॉक' ला त्याहून जास्त काय लावणार होतास तू?

कॅसिओवाला_शहापूर :
राइट मऊ करतो हे कुणी सांगितलं तुला? अ‍ॅनिमल्समधल्या 'शीप' ची सुरुवात ऐक, इलेक्ट्रिक पियानोवर एकटा माणूस अंगावर काटा आणतो. कोरडं वाजवायचं म्हटलं असतं तर त्यानं केमनपेक्षा कोरडं वाजवलं असतं. त्याला विचारलंच नाही ही गोष्ट आहे.

चिकोडीकर_साखरपट्टा :
शीपचं नाव निघालं म्हणून आलो. अ‍ॅनिमल्स, अ‍ॅनिमल्स आणि अ‍ॅनिमल्स. १९७७ साल, पाच गाणी, त्यातली दोन म्हणजे दीड-दीड मिनिटाची एकाच गाण्याची दोन टोकं, मधली तीन दहा मिनिटांच्या वरची, रेडिओला द्यायला एक सिंगल काढलं नाही. 'डॉग्स' सतरा मिनिटांचं आहे आणि त्यात गिल्मोरची गिटार ज्या ताकदीनं वाजते तशी द फायनल कटमध्ये कुठंच वाजत नाही. आणि विषय म्हणाल तर आमच्या भागात जो कारखान्याच्या निवडणुका बघत मोठा झालाय त्याला ह्या गाण्यांतली कुत्री कोण, डुकरं कोण आणि मेंढरं कोण हे सांगावं लागत नाही. ऊसबिल थकलं की मेंढरं काय करतात ते पण माहीत आहे. वॉटर्सनं इंग्लंडवर लिहिलं, आमच्या पंचक्रोशीला मापात बसलं.

कॅम्प_गिटार :
अ‍ॅनिमल्स आवडता असू दे की, माझापण आहे. पण त्याला दुर्लक्षित म्हणायचे दिवस गेले. गेली वीस वर्षं जो तो फ्लॉइडचा चाहता "माझा आवडता अ‍ॅनिमल्स" हेच सांगतो, २०२२ मध्ये नवीन मिक्स आलं तेव्हा तर सगळीकडं कव्हरवरचं बॅटरसीचं पॉवर स्टेशन आणि ते उडतं डुक्कर. एवढं कौतुक झाल्यावर दुसऱ्याला जागा द्या.

खानापूर_पाऊस :
जागा द्यायची तर ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्सला द्या. तुम्ही कुणी अजून नावपण घेतलं नाही, त्यातच आलं सगळं.

१९७२. डार्क साइडची गाणी स्टेजवर वाजवून तयार होऊलालती, तेवढ्यात बार्बे श्रोडरच्या ला व्हॅले सिनेमाचं काम आलं, फ्रान्समधल्या एका जुन्या शातोत (वाड्यात) जाऊन जपान दौऱ्याच्या आगेमागे दोन खेपेत अख्खा अल्बम करून मोकळे. वेळच नव्हता त्यामुळं नाटकं करायला पण वेळ नाही. चार माणसं खोलीत बसून सरळ गाणी वाजवूलालेत असं फ्लॉइडचं दुसरं कुठं सापडत नाही. 'बर्निंग ब्रिजेस' मध्ये राइट आणि गिल्मोर ओळी वाटून घेतात, 'स्टे' राइटनं गायलंय, कॅसिओवाल्या तुझं तर घरचं कार्य आहे हे. 'वॉट्स अ द डील' जांबोटीच्या रस्त्यावर आषाढात धुकं उतरलं की लावून बघा. शेवटचं गाणं संपता संपता न्यू गिनीतल्या मापुगा लोकांचं गाणं तसंच्या तसं सोडून दिलंय, मला ते आपल्याकडच्या जागराच्या रात्रीसारखं वाटतं, कोण गातंय ते दिसत नाही पण आवाज येत राहतो.

आणि टिळकवाडीकर दादा, तुमच्यासाठी खास. 'फ्री फोर' ऐका. बाप युद्धात गेला, मी मेलेल्या माणसाचा पोरगा, हे सगळं वॉटर्सनं तिथं १९७२ मध्येच सव्वाचार मिनिटांत सांगून टाकलंय, टाळ्यांच्या ठेक्यावर. तेच सांगायला त्याला १९८३ मध्ये अख्खा अल्बम लागला.

टिळकवाडीकर :
हा मुद्दा चांगला आहे आणि फ्री फोर मला तोंडपाठ आहे. पण त्यात अठ्ठावीस वर्षांचा पोरगा हसत हसत सांगतो आणि पुढच्या कडव्याला पळून जातो, टाळ्या, फझ गिटार, चला. द फायनल कटमध्ये तो पळत नाही. आणि मुख्य म्हणजे बापापाशी थांबत नाही. फॉकलंडला गेलेली पोरं, धक्क्यावर उभ्या बायका, परत आलेला मास्तर, पबमध्ये मुखवटा लावून बसलेला 'पॅरानॉइड आइज' मधला माणूस, सगळ्यांपर्यंत जातो. एका घराचं दुःख सव्वाचार मिनिटांत बसेल, एवढ्या घरांचं नाही बसत.

निपाणीची_वाचक :
मी फौजीची मुलगी म्हणून लिहितेय. वडील २४ वर्षं नोकरी करून आले. टिळकवाडीकर दादा, तुमचा लेख वाचून डोळ्यांत पाणी आलं पण एक गोष्ट खटकली. आमच्या घरी वर्दीचा फोटो आहे तो दुःखाचा नाही, अभिमानाचा आहे. पंधरा ऑगस्टला वडील स्वतः बूट पॉलिश करून शाळेच्या झेंडावंदनाला जातात, कुणी बोलवायची वाट बघत नाहीत. वॉटर्सच्या अल्बममध्ये ह्याला जागाच नाही. त्याच्यासाठी शिपाई म्हणजे फसवला गेलेला माणूस, आणि 'द फ्लेचर मेमोरियल होम' मध्ये रेगन, थॅचर, ब्रेझनेव्ह सगळ्यांना एका आश्रमात कोंडून मोकळा. राग खरा आहे, पण शिपायाला स्वतःचं काय वाटतं ते त्यानं विचारलंय कुठं?

पण 'साउथॅम्प्टन डॉक' बद्दल मी तुमच्या बाजूनं आहे. १९४५ ला जहाजं परत आली तेव्हा धक्क्यावर उभी असलेली बाई आणि पुन्हा पोरांना फॉकलंडला निरोप देणारी बाई, ती रडत नाही, हात हलवते. रजा संपली की बेळगाव स्टेशनवर आई तशीच उभी राहायची. कॅसिओवाले दादा, तुम्ही कुणी कीबोर्ड वाजवला ते मोजूलालाय, त्या गाण्यात आईची पाठ ताठ आहे ते ऐकू येतं की नाही तेवढं सांगा.

टिळकवाडीकर :
ताई, वडिलांना नमस्कार सांगा. अभिमानाचं तुमचं म्हणणं मी खोडणार नाही, तुमच्या घरातलं तुम्हाला जास्त माहीत. फक्त एवढंच, वॉटर्सला बाप बघायलाच मिळाला नाही. त्याच्याकडं बूट पॉलिश करणारा माणूस नव्हता, बाप गेल्याचा, राजाच्या शिक्क्याचा एक कागद होता. अभिमान कुणाकडं बघून शिकणार होता तो?

कॅम्प_गिटार :
कागदाचं काढलंस ते बरं केलंस. तो कागद 'व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री' मध्ये आहे, १९८२ मध्ये वेगळं सिंगल म्हणून आलेलं, द फायनल कटमध्ये ते २००४ च्या आवृत्तीत घातलं, 'वन ऑफ द फ्यू' आणि 'द हीरोज रिटर्न' च्या मध्ये. आता ज्यांनी नुसतं ऑनलाइन ऐकलंय त्यांना वाटतं ते पहिल्यापासून तिथंच होतं. माझं स्पष्ट मत, त्यानं अल्बम बिघडतो. मास्तर वर्गात यायच्या आधी पुरुषांचा कोरस, अँझिओ, रणगाडे, सगळं उघड सांगून टाकतात. जुन्या कॅसेटवर मास्तर थेट समोर यायचा.

आणि गिल्मोरला गायला दिलं नाही म्हणून तो अल्बममध्ये नाही असं समजू नका. 'युवर पॉसिबल पास्ट्स' आणि 'फ्लेचर मेमोरियल' मधले सोलो वाजवायला बसलो की कळतं. वॉलमधून उरलेली गाणी परत कशाला घ्यायची म्हणून तो भांडला होता, प्रोड्यूसर म्हणून त्याचं नावपण काढलं, आणि तरी त्या दोन सोलोंत कंजूषपणा नाही. हेडफोन लावून ऐका, होलोफोनिकमध्ये (आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा वाटतो त्या पद्धतीनं) रेकॉर्ड केलेला आवाज आहे, क्षेपणास्त्र डोक्यावरून मागं जातं.

टिळकवाडीकर :
टायगर्सवर मी तुझ्या उलट. ते मध्ये आल्याशिवाय निपाणीच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तरच मिळत नाही. त्यात कंपनीतल्या माणसांची बाजू येते, मागं हटू द्या म्हणून विचारलं आणि थांबा म्हणून सांगितलं. शिपायाला काय वाटलं ते तिथं आहे.

निपाणीची_वाचक :
शिपायाला काय वाटलं ते नाही दादा, शिपायाच्या पोराला काय वाटलं ते. दोन्ही वेगळं. मी वडिलांना रविवारी ऐकवणार आहे, शब्द मराठीत सांगत सांगत. ते काय म्हणतात ते इथं लिहीन.

कॅसिओवाला_शहापूर :
ताई, पाठ ताठ आहे, ऐकू येतं. तरी माझं मत ऑब्स्क्युअर्डला. खानापूरवाल्या, 'स्टे' चे कॉर्ड मी कानानं बसवलेत, तुझ्याकडं गिटार असेल तर बोल.